सुस्पष्ट वाक्यरचना (मराठी)

सुस्पष्ट वाक्यरचना म्हणजे वाचकाला एकाच वाचनात, एकच आणि लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ कळेल अशी वाक्याची मांडणी होय. अशा मांडणीची दोन प्रमुख अंगे मानली जातात. पहिले अंग विस्तारकाचे योग्य स्थान. विस्तारक म्हणजे दुसऱ्या पदाचा अर्थ मर्यादित किंवा अधिक स्पष्ट करणारे विशेषण, क्रियाविशेषण, धातुसाधित किंवा गौणवाक्य. दुसरे अंग समांतर रचना, म्हणजे वाक्यात समान दर्जा असलेल्या घटकांना समान व्याकरणिक रूप देणे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि लिंगवचनाची सुसंगती यांमुळे शब्दांचा क्रम बऱ्याच प्रमाणात मोकळा असतो. मात्र जेथे प्रत्यय व सुसंगती अर्थाचा निर्णय करू शकत नाहीत, तेथे शब्दाचे स्थान आणि रूपांची समानता हेच वाचकाचे आधार उरतात.

## भारतीय परंपरेतील विचार

पदांच्या समूहाला वाक्यार्थ कसा प्राप्त होतो, याची चर्चा मीमांसा व न्याय या दर्शनांत झाली आहे. त्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटी सांगितल्या जातात. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असणारी अपेक्षा, योग्यता म्हणजे अर्थांची परस्परांशी जुळणी आणि सन्निधी म्हणजे संबंधित पदांची जवळीक. विस्तारक ज्याचा, त्याच्या शेजारी असावा, हा आधुनिक लेखनातील नियम सन्निधीच्या तत्त्वाशी जुळतो. ज्या पदांचा परस्परसंबंध आहे ती पदे वाक्यात दूर पडली, तर त्यास दूरान्वय म्हणतात.

समांतर रचनेचा विचार संस्कृत साहित्यशास्त्रात दोषांच्या प्रकरणी येतो. काश्मीरमधील ११व्या शतकातील आचार्य मम्मट यांनी *काव्यप्रकाश* या ग्रंथाच्या सातव्या उल्लासात वाक्यदोषांची गणना केली आहे. तीत अस्थानस्थपद (चुकीच्या जागी पडलेले पद) आणि भग्नप्रक्रम (आरंभिलेला क्रम मध्येच मोडणे) हे दोष आहेत. महिमभट्टांच्या *व्यक्तिविवेक* या ग्रंथातही प्रक्रमभेदाची चर्चा आहे. ही चर्चा काव्यासंबंधी असली, तरी हे दोन्ही दोष गद्यालाही लागू पडतात.

मराठीची छापील व्याकरणे १९व्या शतकापासून उपलब्ध आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे *महाराष्ट्र भाषेचे व्याकरण* १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे *शास्त्रीय मराठी व्याकरण* १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करणात उद्देश्यविस्तार, कर्मविस्तार व विधेयविस्तार असे भाग पाडले जातात. कोणता विस्तार कोणाचा, हे ओळखण्याचा तो सराव होय.

## मराठी वाक्यातील पदक्रम

मराठी वाक्यात सामान्यतः कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम असतो आणि विस्तारक आपल्या पदाच्या आधी येतो. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'आंबा रामाने खाल्ला' या दोन्ही वाक्यांत खाणारा कोण हे '-ने' प्रत्ययामुळे कळते. क्रम बदलल्याने केवळ भर बदलतो. परंतु 'साप उंदीर खातो' आणि 'उंदीर साप खातो' या वाक्यांत दोन्ही नामे पुल्लिंगी, एकवचनी व प्रत्ययरहित आहेत. त्यामुळे येथे कर्ता केवळ स्थानावरून ठरतो.

बोलताना आघात, विराम आणि हावभाव यांनी संदिग्धता दूर करता येते. बोलीत क्रियापदानंतरही शब्द येतात ('दिलं मी त्याला पुस्तक') आणि तरीही अर्थ बिघडत नाही. लिखित वाक्याला ही साधने नसतात. म्हणून बोलताना निर्दोष वाटलेले वाक्य कागदावर संदिग्ध ठरू शकते.

## विस्तारकाचे स्थान

### विशेषणे

आकारान्त विशेषणे विकारी असतात, म्हणजे ती नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. 'ताजे म्हशीचे दूध' या शब्दसमूहात 'ताजे' हे विशेषण 'दूध' या नामापासून दूर असले, तरी नपुंसकलिंगी रूपामुळे ते दुधाचेच ठरते. म्हशीचे असते, तर रूप 'ताज्या' असे झाले असते. 'आजारी', 'शुद्ध', 'सुंदर' यांसारखी अविकारी विशेषणे अशी खूण देत नाहीत. 'आजारी शेजाऱ्याचा मुलगा' या रचनेत आजारी कोण, याचे उत्तर रूपावरून मिळत नाही. मुलगा आजारी असल्यास 'शेजाऱ्याचा आजारी मुलगा' असेच लिहावे लागते.

विकारी विशेषणांची खूणही सामान्यरूपात नाहीशी होते, कारण तेथे सर्व लिंगांत व वचनांत '-या' हेच रूप येते. पुढील तक्त्यात हा फरक दिसतो.

| अभिप्रेत अर्थ | मूळ रूप | सामान्यरूप |
|---|---|---|
| भाऊ धाकटा | धाकट्या भावाची मुलगी | धाकट्या भावाच्या मुलीला |
| मुलगी धाकटी | धाकटी भावाची मुलगी | धाकट्या भावाच्या मुलीला |

मूळ रूपात वेगळे असलेले दोन अर्थ सामान्यरूपात एकाच शब्दसमूहात मिसळतात. मृत्युपत्रात 'माझे शेत धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे' असे लिहिले असेल आणि लिहिणाऱ्याला दोन भाऊ व त्यांना एकाहून अधिक मुली असतील, तर शेत कोणाचे, हा प्रश्न त्याच्या पश्चात इतरांना सोडवावा लागतो. 'भावाच्या धाकट्या मुलीला' असे लिहिल्यास धाकटेपण निःसंशय मुलीकडे जाते; तरी भाऊ एकाहून अधिक असल्यास त्याचे नाव घालणे आवश्यक ठरते.

### मर्यादादर्शक शब्द

'फक्त' व 'केवळ' हे शब्द सामान्यतः आपल्या पदाच्या आधी, तर 'च', 'ही', 'सुद्धा' आणि 'मात्र' हे पदाच्या नंतर येतात. स्थान बदलले की अर्थ बदलतो:

* फक्त सरपंचांनी दोन अर्ज तपासले. (इतर कोणी तपासले नाहीत.)
* सरपंचांनी फक्त दोन अर्ज तपासले. (अधिक अर्ज तपासले नाहीत.)
* सरपंचांनी दोन अर्ज फक्त तपासले. (मंजूर किंवा नामंजूर केले नाहीत.)

'केवळ' आणि 'च' यांचा एकाच पदाला दुहेरी वापर (जसे, 'केवळ दोनच') बोलण्यात रूढ असला, तरी लेखनात एक पुरेसा असतो.

### कालदर्शक व स्थलदर्शक शब्द

कालदर्शक शब्द दोन क्रियांच्या आधी आला, तर तो कोणत्या क्रियेचा याविषयी संशय राहतो. '१५ जूनपर्यंत अर्ज केलेल्या उमेदवारांची यादी कार्यालयात लावली जाईल' या सूचनेतील तारीख अर्जाची आहे की यादीची, हे निश्चित होत नाही. अर्ज करण्यास १५ जूनपर्यंत मुदत आहे असे समजणाऱ्याची मुदत प्रत्यक्षात आधीच संपलेली असू शकते. दोन अर्थांसाठी दोन वाक्ये करता येतात:

* ज्या उमेदवारांनी १५ जूनपर्यंत अर्ज केले आहेत, त्यांची यादी कार्यालयात लावली जाईल.
* अर्ज केलेल्या उमेदवारांची यादी १५ जूनपर्यंत कार्यालयात लावली जाईल.

पहिल्या वाक्यातील 'जो–तो' ही रचना लांब विस्तारक सोडवून मांडण्याचे मराठीतील रूढ साधन आहे. संबंधी गौणवाक्य आधी आणि मुख्य वाक्य नंतर, हा तिचा स्वाभाविक क्रम होय. अनुवादित मजकुरात 'तो मुलगा, जो काल आला होता, आजारी आहे' अशी उलटी रचना आढळते. 'जो मुलगा काल आला होता, तो आजारी आहे' किंवा 'काल आलेला मुलगा आजारी आहे' ही मराठीच्या वळणाची वाक्ये होत.

### धातुसाधिते

'-ऊन' प्रत्ययान्त धातुसाधिताचा कर्ता सामान्यतः मुख्य क्रियापदाचाच कर्ता असतो. 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला' हे वाक्य सदोष आहे, कारण त्यात पाऊसच घरी पोहोचल्यासारखा होतो. 'आम्ही घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला' या वाक्यात दोन्ही क्रियांचे कर्ते वेगवेगळे दाखवता येतात. '-ताना' प्रत्ययान्त रूप कर्त्याला किंवा कर्माला, कोणालाही लागू शकते. 'शिपायाने जिना उतरताना चोराला पकडले' या वाक्यात जिना कोण उतरत होते, हे कळत नाही. चोर उतरत असल्यास 'जिना उतरणाऱ्या चोराला शिपायाने पकडले' असे लिहिल्याने संशय उरत नाही.

### नकार

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. त्यामुळे तो आधीच्या कोणत्या भागाला लागू आहे, याविषयी अनेकदा संदिग्धता निर्माण होते. 'रुग्णाने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेतले नाही' या वाक्याचे दोन परस्परविरुद्ध अर्थ होतात:

* औषध घेऊ नये असे डॉक्टरांनी सांगितले होते; त्यानुसार रुग्णाने ते घेतले नाही.
* औषध घेण्याची पद्धत डॉक्टरांनी सांगितली होती. रुग्णाने ती पाळली नाही.

पहिल्या अर्थी रुग्ण आज्ञाधारक ठरतो, दुसऱ्या अर्थी निष्काळजी. अशा ठिकाणी वाक्य मोडून दोन वाक्ये करणे हाच सुरक्षित मार्ग असतो. 'सर्व उमेदवार पात्र नाहीत' हे वाक्यही याच प्रकारचे आहे; त्याऐवजी 'एकही उमेदवार पात्र नाही' किंवा 'काही उमेदवार पात्र नाहीत' यांपैकी जे अभिप्रेत असेल ते लिहावे.

### जोडपदांपूर्वीचा विस्तारक

'साठ वर्षांवरील पुरुष आणि महिला यांना सवलत मिळेल' या वाक्यात वयाची अट महिलांनाही आहे का, हे स्पष्ट नाही. अट दोघांनाही असल्यास 'साठ वर्षांवरील पुरुषांना आणि साठ वर्षांवरील महिलांना' अशी पुनरुक्ती करावी. अट केवळ पुरुषांना असल्यास 'सर्व महिलांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना' असा क्रम बदलावा. नियम, सूचना व करार यांत अशी पुनरुक्ती दोष मानली जात नाही.

## समांतर रचना

### विभक्ती व शब्दयोगी अव्यये

'पुणे, सातारा आणि कोल्हापुरात पाऊस झाला' या वाक्यात तीन समान घटकांपैकी केवळ शेवटच्याला प्रत्यय लागला आहे. मराठीत याला दोन पर्याय आहेत. प्रत्येक घटकाला प्रत्यय लावता येतो (पुण्यात, साताऱ्यात आणि कोल्हापुरात), किंवा सर्व घटक मूळ रूपात ठेवून शेवटी एक समाहारक शब्द योजता येतो (पुणे, सातारा आणि कोल्हापूर येथे). व्यक्तींच्या बाबतीत हेच काम 'यांनी', 'यांना', 'यांचा' ही रूपे करतात.

### नामे व क्रियावाचक रूपे

'तिला वाचन, गाणे म्हणणे आणि पोहण्याची आवड आहे' या वाक्यात तीन छंद तीन वेगळ्या रूपांत आले आहेत. 'तिला वाचनाची, गायनाची आणि पोहण्याची आवड आहे' या वाक्यात तिन्ही पदे षष्ठीत येऊन 'आवड' या शब्दाशी सारखी जोडली जातात. शब्दांचा प्रकार अगदी एक नसला, तरी वाक्यातील नाते एक असणे महत्त्वाचे असते.

### प्रयोग

मराठीत भूतकाळी अकर्मक क्रियापदाचा कर्ता सामान्यतः प्रथमेत, तर सकर्मक क्रियापदाचा कर्ता तृतीयेत येतो. त्यामुळे 'तो घरी आला आणि पत्र लिहिले' या वाक्यातील 'तो' दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही. 'तो घरी आला आणि त्याने पत्र लिहिले' किंवा 'घरी येऊन त्याने पत्र लिहिले' ही शुद्ध रूपे होत. प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांत हा फरक दिसत नाही ('मी घरी आलो आणि पत्र लिहिले'), त्यामुळे तृतीय पुरुषी वाक्यात ही चूक सहज होते.

'समितीने अहवाल वाचला, दुरुस्त्या सुचवल्या आणि तो मंजूर करण्यात आला' या वाक्यातही मध्येच प्रयोग बदलला आहे. मंजुरी कोणी दिली, हे त्यामुळे झाकले जाते. समितीनेच ती दिली असल्यास 'अहवाल वाचला, दुरुस्त्या सुचवल्या आणि तो मंजूर केला' असे लिहिणे योग्य ठरते.

### जोडीने येणारे शब्द

'केवळ … नव्हे, तर …ही', 'एक तर … किंवा', 'जितका … तितका', 'जसजसे … तसतसे' अशा जोड्यांत दोन्ही बाजूंना सारखे रूप यावे लागते. 'हा कोश केवळ विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर शिक्षकांनाही उपयुक्त आहे' या वाक्यात एका बाजूला शब्दयोगी अव्यय व दुसऱ्या बाजूला चतुर्थी आहे. 'केवळ विद्यार्थ्यांना नव्हे, तर शिक्षकांनाही' असे केल्यास तोल साधतो. मराठी म्हणींत हा तोल स्वाभाविकपणे आढळतो: 'आधी पोटोबा, मग विठोबा', 'गरज सरो, वैद्य मरो', 'नाव मोठे, लक्षण खोटे'.

### याद्या

मुद्द्यांच्या यादीतील प्रत्येक मुद्दा प्रास्ताविक वाक्याशी स्वतंत्रपणे जुळला पाहिजे. 'उमेदवाराने' या शब्दापुढे 'अर्ज भरणे', 'शुल्क जमा करावे' आणि 'दोन छायाचित्रे' असे तीन मुद्दे आल्यास छायाचित्रे जोडावीत, दाखवावीत की जवळ ठेवावीत, हे कळत नाही. 'अर्ज भरावा', 'शुल्क जमा करावे' आणि 'दोन छायाचित्रे जोडावीत' असे लिहिताना गाळलेले क्रियापद लेखकाला आठवावेच लागते. समांतर रचनेमुळे मजकुरातील अशा उणिवा उघड होतात.

## विरामचिन्हांचे साहाय्य

मोडी लिपीतील जुन्या लेखनात शब्द सुटे लिहिण्याची व विरामचिन्हे देण्याची पद्धत नव्हती. १९व्या शतकात मुद्रणाबरोबर विरामचिन्हे मराठीत रूढ झाली. या कार्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा मानला जातो. स्वल्पविरामाने काही संदिग्धता टळते, परंतु चुकीच्या जागी पडलेला विस्तारक केवळ स्वल्पविरामाने सुधारत नाही. मजकूर मोठ्याने वाचला जातो किंवा त्याची नक्कल केली जाते, तेव्हा चिन्ह हरवते. शब्दक्रम मात्र टिकतो.

## मर्यादा

समांतर रचना अर्थाच्या समानतेवर आधारलेली असावी. असमान गोष्टींना समान रूप दिल्यास वाचकाची दिशाभूल होते, तर सलग अनेक वाक्ये एकाच साच्यात आल्यास गद्य कंटाळवाणे होते. काव्यात, विनोदात आणि ललित लेखनात दूरान्वय व द्व्यर्थ हेतुपुरस्सर योजले जातात. औषधाची सूचना, कार्यालयीन आदेश, प्रश्नपत्रिका आणि दस्तऐवज यांत ही मुभा नसते. 'दोन गोळ्या सकाळी व रात्री घ्याव्यात' या सूचनेवरून दिवसाला दोन गोळ्या घ्यायच्या की चार, हे रुग्णाला ठरवता येत नाही. 'सकाळी एक गोळी व रात्री एक गोळी घ्यावी' हे वाक्य थोडे लांब असले, तरी त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

## हेही पाहा

* वाक्यपृथक्करण
* प्रयोग (व्याकरण)
* विभक्ती
* सामान्यरूप
* विरामचिन्हे