बाबुना आणि कॅमोमाइल : एका वनौषधीची नावे व तिचा घरगुती उपयोग

नित्याच्या बोलण्यात एखाद्या शब्दाचा अर्थ थोडा सैल असला तरी व्यवहार सहसा अडत नाही. वनौषधीच्या नावाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे अर्थाची सीमा पुसट झाली की भलतीच वनस्पती रोग्याच्या पोटात जाते. युरोपात ‘कॅमोमाइल’ व यूनानी वैद्यकात ‘बाबुना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधी फुलांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘कॅमोमाइल’चे मूळ ग्रीक ‘खामाइमेलॉन’ या सामासिक शब्दात आहे. ‘खामाइ’ म्हणजे भुईवर आणि ‘मेलॉन’ म्हणजे सफरचंद. सफरचंदासारख्या वासावरून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने दिले आहे. स्पॅनिश भाषेतील ‘मान्सानिया’ हे नावही ‘मान्साना’ (सफरचंद) या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय. वनस्पतिशास्त्रातील ‘मॅट्रिकारिया’ या नावाचा उगम वेगळा आहे. गर्भाशयवाचक लॅटिन शब्दापासून ते बनले असून स्त्रीरोगांवरील जुन्या वापराची खूण त्यात राहिली आहे. म्हणजे एका नावाने वास टिपला, तर दुसऱ्याने उपयोग.

‘बाबुना’ हा शब्द फार्सीतून आला. त्याचे अरबी रूप ‘बाबूनज’ असे आहे. मध्य फार्सीतील अनेक शब्दांच्या अंती असलेला ‘ग’ पुढील फार्सीत लोपला; अरबीने मात्र तो ‘ज’ या रूपाने जपला. बनफशा या औषधीच्या ‘बनफ्शा’ व ‘बनफ्सज’ या जोडीतही हीच प्रक्रिया दिसते.

नावांची ही परंपरा अखंड असली तरी तिच्यामागे एकच वनस्पती उभी आहे असे नाही. ‘कॅमोमाइल’ या नावाखाली मुख्यतः दोन वनस्पती येतात. पहिली जर्मन कॅमोमाइल, म्हणजे मॅट्रिकारिया कॅमोमिला. ही उभी वाढणारी, वर्षायू वनस्पती असून चहासाठी प्रामुख्याने हिचीच फुले वापरली जातात. दुसरी रोमन कॅमोमाइल. ही बहुवर्षायू असून जमिनीलगत पसरते. ‘भुईवरचे सफरचंद’ ही व्युत्पत्ती खरोखर हिलाच अधिक शोभते. लिनेयसने 1753 मध्ये या दोहोंना वेगवेगळ्या प्रजातींत घातले होते. रोमन कॅमोमाइलला त्याने अँथेमिस नोबिलिस म्हटले. आज तिचे मान्य नाव कॅमेमेलम नोबिले असे आहे. जर्मन कॅमोमाइलचा उल्लेखही शास्त्रीय वाङ्मयात मॅट्रिकारिया रेक्युटिटा व कॅमोमिला रेक्युटिटा अशा नावांनी आढळतो. जुने व नवे संशोधन ताडून पाहणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

या दोहोंसारखी दिसणारी तिसरी वनस्पती अँथेमिस कोट्युला ही होय. तिला दुर्गंध असतो आणि तिच्यातील एका द्रव्यामुळे त्वचेला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. ओळखीची एक साधी कसोटी आहे. फुलाचा मधला पिवळा उंचवटा उभा चिरला असता जर्मन कॅमोमाइलमध्ये तो शंकूसारखा व आतून पोकळ आढळतो. इतर दोहोंत तो भरीव असतो.

औषधी गुणांचा विचार करता जर्मन कॅमोमाइलच्या फुलांतील तीन द्रव्ये विशेष महत्त्वाची आहेत. मॅट्रिसिन हे द्रव्य स्वतः रंगहीन आहे. परंतु वाफेने तेल काढताना त्यापासून कॅमाझुलीन तयार होते, आणि त्यामुळे तेलाला गडद निळा रंग येतो. दुसरे बिसाबोलॉल, दाह कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत याच्या ठिकाणी आढळला आहे. तिसरे अपिजेनिन, मेंदूतील ज्या ग्राहकांवर काही शामक औषधे कार्य करतात, त्यांच्याशी ते जोडले जाते असे प्रयोगांत दिसून आले आहे.

तथापि द्रव्याचा गुण आणि रोग्याला होणारा लाभ यांत अंतर असते. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकाराच्या 57 रुग्णांना आठ आठवडे कॅमोमाइलचा अर्क किंवा निष्क्रिय औषध देण्यात आले. अर्क घेणाऱ्यांची चिंता तुलनेने अधिक उतरली. पण हा लाभ माफकच होता. 2016 मधील दीर्घ मुदतीच्या चाचणीत अर्क चालू ठेवणाऱ्यांची लक्षणे सौम्य राहिली, परंतु विकार उलटण्याच्या प्रमाणातील फरक निर्णायक ठरला नाही. शिवाय या चाचण्या प्रमाणित अर्काच्या होत्या. त्यांचे निष्कर्ष पेलाभर चहाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

घरगुती वापराची रीत सोपी आहे. सुमारे दीड ते चार ग्रॅम वाळलेल्या फुलांवर 150 मिलिलिटर उकळते पाणी ओतावे, भांडे झाकून पाच ते दहा मिनिटे ठेवावे आणि गाळून घ्यावे. फुले पाण्यात उकळू नयेत. झाकणही काढू नये, कारण उडनशील तेल वाफेबरोबर निघून जाते. पोटफुगी व पोटातील सौम्य कळा यांवर हा चहा परंपरेने देतात. तोंड आल्यास याच पाण्याच्या गुळण्या करतात, सर्दीत वाफारा घेतात आणि त्वचेच्या किरकोळ दाहावर घडी ठेवतात. डोळे धुण्यासाठी मात्र ते वापरू नये. तशा वापराने डोळ्यांना ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कॅमोमाइल हे सूर्यफूल, शेवंती व गाजर गवत यांच्याच कुलातील आहे. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत पुढे सर्वत्र फोफावले आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचारोग जडला. अशा व्यक्तींची कातडी त्या कुलातील इतर वनस्पतींनीही चिडू शकते. म्हणून त्यांनी कॅमोमाइलपासून दूर राहणे श्रेयस्कर. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ला घेतल्यावाचून ते घेऊ नये. तसेच तान्ह्या मुलांनाही ते अशा सल्ल्यावाचून देऊ नये.

सारांश, ‘बाबुना’ किंवा ‘कॅमोमाइल’ हे नाव वनस्पतीच्या ओळखीचा आरंभ आहे, पुरावा नव्हे. कोशकाराने अशा शब्दाच्या नोंदीत ‘एक औषधी फूल’ एवढे लिहून न थांबता शास्त्रीय नाव व उपयोगात येणारा भाग द्यावा. ग्राहकानेही पुडीवर तोच तपशील शोधावा. लोकनाम वास सांगेल, उपयोग सांगेल, शब्दाचा प्रवासही सांगेल; परंतु पेल्यात नेमके काय पडले, हे सांगण्यास ते एकटे समर्थ नाही.