वडीगोद्री आणि सत्तेच्या वाटणीचा प्रश्न

ज्या समाजात माणसाची राजकीय बाजू पुष्कळदा जन्मानेच ठरते, त्या समाजात निव्वळ बहुमताच्या नियमावर लोकशाही चालवली, तर एक गट कायमचा सत्ताधारी आणि दुसरा कायमचा विरोधक होऊन बसण्याचा धोका असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनात हा धोका स्पष्टपणे मांडला. राजकीय बहुमत विचारांवर घडते आणि म्हणून मोडूही शकते, पण जातीय बहुमत जन्मतःच घडलेले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि कोणत्याही एका समाजाला एकट्याच्या बळावर राज्य करता येऊ नये, यासाठी केंद्रीय कायदेमंडळात हिंदूंना ४०, मुसलमानांना ३२ आणि अनुसूचित जातींना २० टक्के जागा द्याव्यात, अशी त्यांची योजना होती.

याच प्रश्नावर पुढे डच वंशाचे राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट यांनी सत्तासहभागी लोकशाहीचा सिद्धान्त उभा केला. सर्व प्रमुख गटांचे संयुक्त सरकार, प्रतिनिधित्व व नोकऱ्यांत प्रमाणशीर वाटा, आपल्या अंतर्गत बाबींत प्रत्येक गटाला स्वायत्तता आणि जिव्हाळ्याच्या प्रश्नावर नकाराधिकार, ही तिची चार अंगे होत. १९९६ मध्ये लाइपहार्ट यांनी भारताचाही समावेश या प्रकारात केला. सिद्धान्ताची उणीव मात्र लेबनॉनमध्ये दिसते: तेथे १९४३ च्या राष्ट्रीय करारापासून सत्तापदे धर्मपंथांनुसार वाटलेली असल्याने राजकारण त्या पंथांच्या चौकटीबाहेर पडणे अतिशय अवघड झाले. म्हणूनच डोनाल्ड होरोविट्झ यांच्यासारखे टीकाकार असा आग्रह धरतात की, उमेदवाराला दुसऱ्या गटाच्या मतांचीही गरज भासावी, अशीच निवडणुकीची रचना असली पाहिजे.

महाराष्ट्राच्या गावकारभारात अशी रचना आहे, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. पुणे कराराने १९३२ मध्ये राखीव जागा मान्य केल्या, पण अंतिम मतदान सर्वांचे संयुक्त ठेवले; ७३ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायतींतही सरपंचपदाचे आरक्षण फिरत राहते आणि मत मात्र सारे गाव देते. राखीव जागेवरच्या ओबीसी उमेदवारालाही मराठा मतदारांच्या दारात जावेच लागते. आरक्षणाच्या वादात सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे सूत्र हेच आहे.

या सूत्राला मराठवाड्यात गंभीर ताण बसला. मराठा समाजासाठी केलेला स्वतंत्र आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला, त्यानंतर निजामकालीन कुणबी नोंदींच्या आधारे मराठ्यांना ओबीसी प्रवर्गात प्रवेश देण्याची मागणी बळावली आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाल्यावर मराठा आंदोलक मनोज जरांगे पाटील यांचे आंदोलन राज्यभर पसरले. त्याच तालुक्यात, अंतरवालीपासून काही किलोमीटरवर, धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री येथे १३ जून २०२४ रोजी ओबीसी नेते लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसींच्या वाट्याला धक्का लागू नये म्हणून उपोषण सुरू केले. त्याच दिवशी मंत्र्यांच्या आश्वासनानंतर जरांगे यांचे उपोषण स्थगित झाले. वडीगोद्रीचे उपोषण २२ जूनला छगन भुजबळ यांच्यासह मंत्र्यांचे शिष्टमंडळ भेटल्यानंतर थांबले.

लाइपहार्ट ज्याला नकाराधिकार म्हणतात, त्याची जागा येथे उपोषणाने घेतली, कारण घटनेत वा कायद्यात त्यासाठी दुसरा मार्गच नव्हता. उपोषणाने निर्णय रोखता येतो, तडजोड घडवता येत नाही. मंडपात एकच बाजू बसलेली असते आणि सरकार तिला जे आश्वासन देते, ते दुसऱ्या बाजूला आपल्याविरुद्धचे वाटते. या प्रश्नावरील जुलै २०२४ मधील सर्वपक्षीय बैठकीला विरोधी पक्षच आले नाहीत. जरांगे यांच्या मुंबईतील आझाद मैदानावरील उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी निजामकालीन हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रांचा शासन निर्णय निघाला आणि लगोलग ओबीसींसाठी मंत्रिमंडळाची स्वतंत्र उपसमिती नेमण्यात आली; मराठा आरक्षणाची उपसमिती तर आधीपासूनच होती. एकाच प्रश्नाच्या दोन बाजू अशा रीतीने दोन वेगळ्या दालनांत गेल्या.

ही रचना चुकीची आहे. अंतरवाली आणि वडीगोद्री या दोन्ही गावांतील शेतकरी एकाच तालुक्यात राहतात, दोन्हीकडच्या तरुणांना नोकऱ्यांची सारखीच टंचाई सोसावी लागते, आणि प्रमाणपत्राने त्या टंचाईची वाटणी बदलेल, टंचाई हटणार नाही. सरकारने दोन्ही उपसमित्या एकत्र कराव्यात, त्यात दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींना बरोबरीचे स्थान द्यावे आणि कुणबी नोंदींची तालुकावार माहिती सर्वांसमोर ठेवूनच पुढचा निर्णय घ्यावा.