टॉवरच्या गेटवर सायकल कुठे लावायची?

मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जावर बोललो होतो. आज सायकलीवर बोलू. तिचाही हप्त्याशी संबंध आहे, तो कसा ते सांगतो.

आमचा गट मुळशी तालुक्यातला. गावापासून तीन-चार किलोमीटरवर वीस-वीस मजल्यांचे टॉवर झाले आहेत. आमच्यातल्या बऱ्याच जणी तिथे पोळ्या करायला, धुण्याभांड्याला, लेकरं सांभाळायला जातात. रिक्षाला जाऊन-येऊन ४० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरा, हजाराच्या वर गेले. म्हणून गटातल्या एका काकूंनी ४,००० रुपये कर्ज घेऊन सायकल घेतली. हप्ता ५०० चा. तिसरा हप्ता भरला आणि त्याच आठवड्यात सायकल चोरीला गेली. गेटच्या आत लावू देत नव्हते, म्हणून बाहेर झाडाला साखळीने बांधलेली होती. साखळी कापून नेली. पाच हप्ते राहिले, सायकल नाही, आणि पुन्हा रिक्षा सुरू.

त्या महिन्याच्या बैठकीत दोन ठराव झाले. एक, काकूंचा हप्ता ५०० वरून २५० करायचा. दुसरा, आपण सगळ्यांनी जाऊन सोसायटीला विचारायचं.

जाण्याआधी आम्ही थोडी माहिती काढली. टॉवर बांधताना गाड्यांच्या जागेचा हिशेब आधी होतो. चारचाकीला साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा लागते, तिच्यावर पट्टे मारतात, फ्लॅटचा नंबर टाकतात. सायकलीचा नंबर कुठेच नसतो. मग ती जिन्यात, लिफ्टच्या तोंडाशी नाहीतर तळघरात जाते. जिन्यात लावू देत नाहीत ते मात्र बरोबर आहे. आग लागली तर माणसं त्याच वाटेने पळणार.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आपल्या राज्यात आदर्श उपविधी आहेत. त्यात स्कूटर, रिक्षा लावायला सभासदाने परवानगी घ्यायची आणि शुल्क भरायचं, पण सायकलीला शुल्क लावायचं नाही, असं लिहिलेलं आहे. वाचून आम्ही खूश झालो. मग लक्षात आलं की हे सभासदांसाठी आहे. रोज सकाळी येऊन त्याच सभासदांचा स्वयंपाक करणारी बाई त्यात बसत नाही. म्हणजे हक्क म्हणून भांडता येणार नव्हतं, विनंतीच करायची होती.

बाहेरच्या देशांत काय आहे तेही पाहिलं. नेदरलँड्समध्ये २०१२ च्या बांधकाम नियमांनी नव्या घराला कुलूप लागेल अशी, साधारण ५ चौरस मीटरची सामानाची खोली सक्तीची केली. सायकल तिथेच राहते. हा नियम आधीही होता, २००३ मध्ये काढून टाकला आणि पुन्हा आणावा लागला! कॅनडातल्या टोरांटो शहरात उंच इमारतीत एका सायकलीला ६० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब जागा सोडावी लागते. हे माप आम्ही वहीत लिहून घेतलं. त्याने पाहिलं तर एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात.

सोसायटीचे सेक्रेटरी साहेब चांगले बोलले, पण म्हणाले, "ताई, जागाच नाही." तळघर दाखवायला घेऊन गेले. तिथे तीसेक सायकली होत्या, निम्म्याहून जास्त पंक्चर, धुळीने भरलेल्या. लेकरं मोठी झाली, सायकली तशाच पडल्या. एक वहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्या पोरींना आठवीत मिळालेली सायकल अजून धावतेय." साहेब हसले.

तळघराचा उतार इतका होता की पिशवी लावलेली सायकल वर ढकलताना दम लागला. भिंतीवर काही आकडे होते, सायकल उचलून टांगायचे. आपली लेडीज सायकल पंधरा किलोच्या पुढे, ती रोज कोण उचलणार? आणि काही लोखंडी स्टँड असे होते की त्यात फक्त पुढचं चाक अडकतं. धक्का लागला की रिम वाकते, आणि कुलूप चाकालाच लागतं. त्यापेक्षा जमिनीत रोवलेला, उलट्या यू सारखा वाकवलेला पाइप बरा. फ्रेमच त्याला बांधता येते.

जागा शेवटी पंपाच्या खोलीमागे सापडली. तिकोनी कोपरा, चारचाकी वळतच नाही तिथे. टेपने मोजला, बारा सायकली बसत होत्या. सोसायटीच्या सभेत विषय गेला, दोन महिने लागले. आता बारा जणींना पास आहेत. पडलेल्या सायकलींना चिठ्ठ्या लावून महिन्याची मुदत दिली होती. ज्या कुणी नेल्या नाहीत त्यांतली एक काकूंना मिळाली. टायर-ट्यूब बदलायला साडेसहाशे गेले.

एक गोष्ट तुम्ही आजच करा. सायकलीच्या फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या खाली. तो आणि बिल गटाच्या वहीत लावून ठेवा. काकूंची तक्रार द्यायला गेलो तेव्हा आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

शेजारच्या सोसायटीलाही अर्ज दिला आहे, उत्तर आलेलं नाही. तिथे जाणाऱ्या पाच जणींच्या सायकली सध्या चहाच्या टपरीमागे उभ्या असतात. टपरीवाले दादा पैसे घेत नाहीत, पण संध्याकाळी सातला टपरी बंद करतात. त्यामुळे त्यांना सातच्या आत निघावं लागतं.