सीडी उतरवितांना

कर्जतजवळच्या, उल्हास नदीच्या परिसरांतील दहिवलीसारख्या गांवीं कोणी घरोघरच्या जुन्या सीडी संगणकांत उतरवून देण्याचा व्यवसाय मांडला आहे, असें समजावें. कोणाच्या आजोबांची मैफल, कोणाच्या लग्नांतील मंगलाष्टकें, कोणाचा नाट्यगीतांचा संग्रह. अशा शंभर-दीडशें तबकड्या दिवसाकाठीं हातांखालून जातात. चार ड्राइव्ह एकदम चालतात. आणि ऐन पावसाळ्यांत सॉफ्टवेअर मध्येंच थिजतें, कधीं आपोआप बंद पडतें. अशा वेळीं सारा दोष त्याच्याच माथीं मारला जातो. तें काढून दुसरें बसविलें जातें, आणि दोन दिवसांनीं तेंही थिजतें.

याचें कारण समजण्यास सीडीची घडण पाहिली पाहिजे. फिलिप्स व सोनी यांनीं घडविलेल्या व १९८२ सालीं बाजारांत आलेल्या या तबकडीवर गाण्यांच्या फायली नसतात. असतो तो आंकड्यांचा अखंड प्रवाह. एका सेकंदाचे ७५ खंड, आणि प्रत्येक खंडांत २३५२ बाइट. संगणकाची माहिती ठेवणाऱ्या सीडीवर एवढ्याच खंडांतील २०४८ बाइट माहितीला देऊन उरलेली जागा खुणा व चुकांची दुरुस्ती यांसाठीं राखलेली असते. गाण्याच्या सीडीवर सगळी जागा गाण्यालाच दिलेली. खालच्या थरांत दुरुस्तीची एक योजना आहे खरी. परंतु ओरखडा मोठा असला म्हणजे ती अपुरी पडते. घरांतील प्लेअर अशा ठिकाणीं मागच्यापुढच्या आंकड्यांवरून मधला आंकडा अंदाजानें भरतो, आणि कानाला तें कळत नाहीं. नक्कल करतांना मात्र ही लबाडी कायमची नोंदली जाते.

म्हणून चांगलें सॉफ्टवेअर संशयित खंड पुनः पुनः वाचतें. जर्मनीच्या आंद्रे वीथॉफ यांच्या १९९८ पासूनच्या ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’च्या सावध पद्धतींत प्रत्येक खंड निदान दोनदां वाचला जातो, आणि वाचनें जुळलीं नाहींत तर एकच खंड ८२ वेळांपर्यंतही. बाहेरून पाहणाऱ्यास सॉफ्टवेअर मेल्यासारखें वाटतें. वस्तुतः तें इमानानें काम करीत असतें. गिऱ्हाईक दारांत उभें असतां हें इमान कोणास रुचत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

खरा बिघाड ओळखण्यास एक वही पुरते. काम अडलें कीं कोणती तबकडी, कोणता ड्राइव्ह, आणि सकाळपासूनची कितवी, एवढें लिहावें. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्येंही अडली, तर दोष तबकडीचा. ती मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. एकाच ड्राइव्हमध्यें निरनिराळ्या तबकड्या अडल्या, तर त्याचें भिंग, उष्णता व वीज तपासावी. चारही ड्राइव्ह एकाच यूएसबी हबवर लटकविण्याची काटकसर बहुधा महागांत पडते. तबकडी फिरूं लागतांना मोटर अधिक वीज ओढते, आणि यूएसबी २.० चें द्वार नियमाप्रमाणें ५०० मिलिअँपिअरच देतें. हबला स्वतःचा वीजपुरवठा हवा. थंड केलेल्या खोलींतून दमट ओटीवर आणलेल्या ड्राइव्हच्या भिंगावर दंव धरतें, हेंही कोंकणच्या पावसांत विसरूं नये.

तबकडी कोणतीही असो, ड्राइव्ह कोणताही असो, दर वेळीं साधारण तितक्याच तबकड्यांनंतर काम थांबलें, तर मात्र संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा. संगणकाची घेतलेली स्मृति तें परत सोडीत नसावें. ठराविक तबकड्यांनंतर तें बंद करून पुन्हां सुरू करणें हा उपाय ओबडधोबड खरा, पण चालतो.

मराठी संग्रहांत आणखी एक विचित्र कारण संभवतें. गाण्याचें नांव देवनागरींत दिलें, आणि जुन्या सॉफ्टवेअरला तीं अक्षरें कळलीं नाहींत, तर त्यांच्या जागीं प्रश्नचिन्हें येतात. विंडोजमध्यें फायलीच्या नांवांत प्रश्नचिन्ह चालत नाहीं; मग गाणें नीट वाचूनही नोंदतां येत नाहीं, आणि आळ बिचाऱ्या तबकडीवर येतो.

थिजलेलें सॉफ्टवेअर निदान दिसतें तरी. अधिक भय मुकाट्यानें चुकलेल्या नकलेचें. ‘अ‍ॅक्युरेटरिप’ ही योजना एक नक्कल इतरांनीं केलेल्या त्याच सीडीच्या नकलांशीं पडताळून पाहते. परंतु आजोबांच्या मैफलीच्या सीडीला जगांत जोडीदार नसतो. ती दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवावी. दोहोंच्या वाचनाच्या आरंभांत थोडा ठराविक फरक असतो, तो जमेस धरून नकला ताडून पाहाव्या. घरीं लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर उन्हानें व काळानें विटतो. यास्तव मूळ तबकडी यजमानांस परत देण्यापूर्वींच ही ताडणी उरकली पाहिजे.