घरचे फोटो कॉम्प्युटरवर लावून ठेवायचेत? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतले लग्नाचे अल्बमही भिजले. फोटो एकमेकांना चिकटले की फाटल्याशिवाय सुटत नाहीत. आता फोटो मोबाईलमध्ये असतात म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मोबाईल विहिरीत पडला किंवा चोरीला गेला तर तीच गत. शिवाय हजारो फोटोंमधून आजीचा एक चांगला फोटो शोधायला अर्धा दिवस जातो.

घरात लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर असेल तर फोटो त्यावर उतरवून नीट लावता येतात. प्रश्न एवढाच, की सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

पिकासाचा धडा

गुगलचं 'पिकासा' एकेकाळी घरोघरी चालायचं. २०१६ मध्ये गुगलने ते बंद केलं. लोकांचे फोटो कॉम्प्युटरवर राहिले, पण बनवलेले अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहज नेता येईनात. गुगल फोटोजवरची अमर्याद मोफत जागाही १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबीच मोफत मिळते.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना दोन गोष्टी विचारा. फोटो माझ्याच फोल्डरमध्ये राहणार का? आणि दिलेली नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहिली जाणार का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल, तर उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी आपलं काही जात नाही.

कोणाला काय चालेल?

- विंडोजचं 'फोटोज' : आधीपासूनच असतं. नुसतं बघायला, फोटो कापायला पुरे.
- एक्सएनव्ह्यू एमपी : घरगुती वापराला मोफत. जुन्या, हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही चालून जातं.
- डिजिकॅम : पूर्ण मोफत. चेहरे ओळखून एकाच माणसाचे फोटो एकत्र दाखवतं, डबल फोटो शोधून देतं. शिकायला चार दिवस लागतात.
- लाइटरूम : पैसे भरून घ्यायचं. स्टुडिओवाल्यांच्या कामाचं, घरच्या फोटोंसाठी गरज नाही.

बऱ्याच घरांना डिजिकॅम पुरेल. पहिल्यांदा सुरू करताना ते माहिती फाइलमध्ये लिहायची का, असं विचारतं. तिथे 'हो' म्हणायला विसरू नका.

सुरुवात अशी करा

१. मोबाईल केबलने जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये सापडतील.

२. फोल्डरच्या नावात वर्ष आणि महिना आधी लिहा, उदाहरणार्थ '२०२४-०९ गणपती' किंवा '२०२५-०३ शिमगा पालखी'. मग सगळं आपोआप क्रमाने लागतं.

३. गुड मॉर्निंगचे आणि डबल आलेले फोटो काढून टाका.

४. मुंबईच्या चाकरमान्यांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखे पाठवले तर फोटो बारीक होतो आणि कधी काढला ती तारीखही त्यातून जाते.

सॉफ्टवेअर म्हणजे बॅकअप नव्हे

सॉफ्टवेअर फोटो लावून देतं, वाचवत नाही. हार्ड डिस्क बिघडली की सगळं एकदम जातं. त्यामुळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी कॉपी करा आणि ती घरात ठेवू नका. मुंबई-पुण्याला असलेल्या भावाकडे किंवा मुलीकडे द्या. गावात पाणी भरलं तरी ती कॉपी शाबूत राहील. फोटो कॉम्प्युटरवर आणि डिस्कवर आल्याची खात्री झाल्याशिवाय मोबाईलमधून उडवू नका.

आणखी एक काम मात्र कुठलंच सॉफ्टवेअर करणार नाही. जुन्या फोटोत मागे उभा असलेला माणूस कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं. येत्या गणपतीत सगळे घरी जमतील, तेव्हा लॅपटॉप आजीसमोर ठेवा. ती सांगेल ती नावं तिथल्या तिथे लिहून घ्या. फोटो पुन्हा काढता येतील, ती नावं पुन्हा विचारायला कोणी नसेल.