लाइट गेली, नेट राहील?

व्हायवा ऑनलाइन, इंटर्नशिपचा इंटरव्ह्यूही ऑनलाइन आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते! लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मात्र मान टाकतो. आठवतंय, १२ ऑक्टोबर २०२०? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या काही ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

यावर उपाय म्हणून अनेकांनी राउटरला छोटा यूपीएस जोडला. जोडला आणि विसरले. गोची इथेच आहे. यूपीएस म्हणजे शेवटी डब्यातली बॅटरी. ती नुसती बसूनही म्हातारी होते. समोरचा हिरवा दिवा वीज सुरू असल्याचं सांगतो, बॅटरीत दम किती उरलाय हे नाही.

आधी गणित. बऱ्याच घरगुती राउटरच्या अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि १ किंवा १.५ अँपिअर असं छापलेलं असतं. म्हणजे जास्तीत जास्त १२ ते १८ वॉट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेकदा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-अवर. यूपीएस स्वतः खातो ती वीज वजा केली, तरी नव्या बॅटरीवर राउटर दोनेक तास चालायला हरकत नाही. त्यालाच डेस्कटॉप आणि मॉनिटर लावलात, तर तास मिनिटांवर येतात. आणि लेझर प्रिंटर? अजिबात नको. त्याचा हीटर एका झटक्यात यूपीएसला ओव्हरलोड करतो.

महिन्यातून एकदा ‘ड्रिल’ करा. महत्त्वाचं काम नसताना यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा, १५ मिनिटं नेट टिकतंय का बघा आणि लगेच पुन्हा चार्जिंगला लावा. बॅटरी पार रिकामी करू नका, त्यानं तिचं आयुष्य घटतं. पंधरा मिनिटंही निघत नसतील, तर यूपीएस फेकायची घाई नको. बहुतेक वेळा फक्त बॅटरी बदलावी लागते. तीन-चार वर्षांत ते होणारच.

दुसरा शत्रू उष्णता. या सीलबंद लेड-अॅसिड बॅटऱ्यांना साधारण २५ अंश तापमान मानवतं. त्यापुढे दर दहा अंशांमागे आयुष्य जवळपास निम्मं होतं. नागपूर-चंद्रपूरकरांनी मे महिन्यात हे आठवावं! होस्टेलवर यूपीएस कॉटखाली, कपड्यांच्या ढिगात कोंबू नका. हवा खेळू द्या, धूळ पुसत राहा.

सुट्टीत गावी जाताना यूपीएस पूर्ण चार्ज करून बंद करा. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर आतल्या प्लेट्सवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि परत आल्यावर ती चार्जच होत नाही.

एवढं करूनही नेट गेलं तर? जिन्यातला इंटरनेटवाल्याचा डबा बघा. त्यात विजेवर चालणारा स्विच असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमचा राउटर चालू राहूनही उपयोग नाही. सोसायटीतल्या चार जणांनी मिळून त्याला विचारायला काय हरकत आहे? कॉलेजात तर बरेच वाय-फाय पॉइंट नेटवर्क केबलमधूनच वीज घेतात. त्यामुळे रॅकमधल्या एका यूपीएसची बॅटरी मेली की अख्खा मजला ऑफलाइन.

आणि हो, फुगलेली किंवा गळणारी बॅटरी दिसली तर यूपीएस लगेच बंद करा, उघडून बघू नका. ती कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं रिसायकलिंग करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात नवी घेताना जुनी द्या. लेड-अॅसिड असेल तर बिलात थोडी सूटही मिळते.

पुढच्या ऑनलाइन परीक्षेचं टाइमटेबल लागलं की हॉलतिकिटाबरोबर हेही एकदा तपासा. काम फक्त १५ मिनिटांचं आहे.