फोटो पाठवला तरी डॉक्टर ‘दाखवायला या’ का म्हणतात?



बचतीचा हिशेब झाला की हल्ली बैठकीत हा विषय निघतोच. अंगावर चट्टा उठला, फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, तर उत्तर आलं, ‘प्रत्यक्ष दाखवायला या.’ मग कुणी म्हणतं, फीसाठी बोलावतात. कुणी म्हणतं, त्यांना मोबाईलचं काम नको असतं. कधी तसं असेलही. पण डॉक्टरांची अडचण समजून घेतली तर आपलाच फायदा आहे.

फोनवरून तपासायला कायद्याची आडकाठी नाही. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने त्याची नियमावली काढली. पण त्यात जबाबदारी समोर बसून तपासल्याइतकीच धरली आहे. फोटो बघून चुकीचं औषध दिलं तर ‘फोटो अस्पष्ट होता’ म्हणून सुटका नाही. म्हणूनच शंका आली तर प्रत्यक्ष बोलावण्याचा हक्क डॉक्टरांना दिलेला आहे.

आता कातडीचंच बघा. आपल्याला वाटतं, वरून दिसणारा आजार, फोटोत कळणारच. पण फिकट चट्ट्यावर हात लावलेला कळतो की नाही, हे फोटोत कसं दिसणार? डॉक्टर तिथे कापूस किंवा पेनाचं टोक हलकं टेकवून बघतात, कोपराजवळची नस चाचपतात. बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत आहे, सहा महिने ते वर्षभर घेतलं की आजार बरा होतो. उशीर झाला तर मात्र हातापायाची बोटं वाकडी होऊ शकतात. असा चट्टा फोटोवर ‘काही नाही’ म्हणून सुटला तर?

दुसरं म्हणजे रंग. गोऱ्या कातडीवर जी लाली दिसते ती आपल्या सावळ्या अंगावर जांभळट नाहीतर काळपट दिसते. त्यात फोनचा कॅमेरा चेहरा आपोआप उजळ करतो! फोटोवरून आजार सांगणारी काही ॲप आली आहेत, पण त्यातली बरीचशी गोऱ्या लोकांच्या फोटोंवर शिकवलेली आहेत. डॉक्टर त्यांच्यावर पटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं.

तिसरी भीती ट्यूबची. गजकर्णावर आपण मेडिकलमधून जी ट्यूब आणतो, तिच्यात बऱ्याचदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बरं वाटतं. आतून मात्र गजकर्ण पसरत राहतं, आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की फोटोवरून ओळखू येत नाही. म्हणून आधी काय काय लावलं ते लपवू नका. ट्यूबचाही फोटो पाठवा. जावेची उरलेली ट्यूब वापरली असेल तर तेही सांगा, कुणी रागावणार नाही. (रागावले तरी सांगा.)

मग फोटोचा उपयोग कुठे? एकदा तपासून औषध सुरू झालं की ‘फरक पडतोय का’ हे बघायला तो चांगला. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचते. फोटो उजेडात काढा, उन्हात नको, फ्लॅश बंद ठेवा. हळद, पावडर, मलम आधी पुसून घ्या. एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे चट्टा केवढा ते समजतं. सोबत लिहा: कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला आहे का, दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पितं का. नुसता फोटो आणि खाली ‘सर औषध सांगा’, असे मेसेज रात्री अकराला आले तर डॉक्टर तरी काय सांगणार!

गावच्या आरोग्य उपकेंद्रात ई-संजीवनीची सोय असेल तर ती वापरा. मोफत आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी तुमच्याशेजारी बसून डॉक्टरांना जोडून देतात, चट्टा हात लावून बघू शकतात. तुमच्या वतीने त्यांनी डॉक्टरांना जोडायचं असेल तर आधी तुमची परवानगी घ्यावी लागते. फोटो कुणाच्या फोनमध्ये राहणार, हे बिनधास्त विचारा. झाकलेल्या जागेचा फोटो द्यायचा नसेल तर नाही म्हणा. आणि तो गटाच्या व्हॉट्सॲपवर तर कुणाचाच टाकू नका.

पुरळासोबत ताप आला, तोंडात फोड आले, किंवा एखादी गोळी घेतल्यावर अंगावर फोड उठून कातडी सोलायला लागली, तर फोटो काढत बसू नका. गोळीचं पाकीट बरोबर घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.